काट्यावरचा हात

जेवणाच्या टेबलावर टॅब उताणा ठेवलेला होता आणि त्याच्या काचेवर एक निळी रेघ डावीकडून उजवीकडे उतरत गेली होती. उंचावर सुरू होऊन, मध्ये जरा अडखळून, मग सगळी उमेद संपल्यासारखी तळाशी येऊन पसरलेली. चौघे तिच्याभोवती बसले होते. खिडकीकडच्या खुर्चीत म्हातारे वडील, काठी दोन गुडघ्यांच्या मध्ये उभी धरून. समोर मुलगा, अंगातला कोट न काढता, म्हणजे लवकर निघायचे आहे हे न बोलता सांगत. त्याच्या शेजारी एकट्या वृद्धांच्या घरांवर यंत्रांनी लक्ष ठेवणाऱ्या सेवेच्या समन्वयक बाई, ज्यांनी ही रेघ आणली होती. आणि स्वयंपाकघराच्या दाराशी, अर्धी आत अर्धी बाहेर, मुलगी. तिला या घरात लहानपणापासून मुंगी म्हणत, कारण ती एका जागी कधी ठरत नसे.

आत्ता मात्र ती ठरली होती. फ्रिजची घरघर थांबली तशी शांतता आणखी एक पायरी खाली उतरली, आणि छताच्या कोपऱ्यातली पांढरी डबी, बोटाच्या पेराएवढी, त्या चौघांकडे निर्विकारपणे पाहत राहिली.

"सांगायला बरं वाटत नाही," समन्वयक बाई अखेर म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता, आणि तो दिवसातून अनेक घरांत मऊ करावा लागत असणार हेही त्यात ऐकू येत होते. "पण हा बाबांचा घरातला वावर आहे. सुरुवातीचे आठवडे बघा. दिवसभर ये-जा. स्वयंपाकघर, दिवाणखाना, परत स्वयंपाकघर. आणि आता? सकाळी एकदा उठतात, खुर्चीत बसतात, दुपार तशीच जाते. उतार हळूहळू असता तर एक वेळ समजलं असतं. हा एकदम आलाय."

"एकदम म्हणजे कधीपासून?" मुलाने विचारले.

"थंडी सरली तेव्हापासून. शिकण्याचे आठवडे संपले आणि लगेच."

मुंगीने मान वर केली.

शिकण्याचे आठवडे हा शब्द या घरात यापूर्वी एकदाच उच्चारला गेला होता. थंडीच्या तोंडाशी वडील न्हाणीघरात पडले, खुब्याचे हाड मोडले, आणि शस्त्रक्रिया होऊन घरी आले तेव्हा मुलाने दूरच्या आपल्या शहरातून फोनवर फोन करून ही यंत्रे बसवून घेतली. उंटावरून शेळ्या हाकण्यात तो तरबेज होता. पण इतर मुले हाकतही नाहीत, हेही मुंगी स्वतःला बजावत असे. यंत्रे बसवणारा माणूस आला, शिडीवर चढला, प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यात एक एक डबी चिकटवली, दारांच्या चौकटींना पट्ट्या लावल्या. वडील कॉटवरून पाहत होते. "पाली बसवून घेतोय," ते म्हणाले. "आता चुकचुकल्या की समजायचं, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलं."

"कॅमेरा नाही हां आजोबा यात," तो माणूस हसत म्हणाला होता. "खोलीत हालचाल झाली एवढंच याला कळतं. पहिले काही आठवडे हे नुसतं बघणार आणि शिकणार. तुम्ही कधी उठता, कुठे जाता, किती फिरता. ते तुमचं नेहमीचं. मग त्यात फरक पडला की आम्हाला कळवणार. एकटेच राहता ना?"

"एकटाच," वडील म्हणाले होते.

मुंगी तेव्हा आत भांडी विसळत होती. दारामागे तिची घडीची खाट उभी होती. खुंटीवर तिचे कपडे होते. ओट्यावर तिची हाडाची पट्टी पडलेली होती, पुस्तकांच्या बांधणीसाठी कागद दुमडायची, जी ती कुठेही गेली तरी पिशवीत टाकून नेई. ती या घरात मुक्कामाला होती, आणि वडील आपल्या पायांवर उभे राहीपर्यंत राहणार होती. तिने तो 'एकटाच' ऐकला आणि नळ बंद केला नाही. ज्या माणसाला सकाळीच पोटच्या मुलीने अंघोळ घातली होती, त्याला परक्यासमोर एवढा एक शब्द तरी आपला म्हणून हवा होता. झाकली मूठ ती झाकलेलीच राहू द्यावी. दादालाही फोनवर वडील हेच सांगत: ती दिवसा येते, संध्याकाळी जाते, माझं मी करतो. मुंगी त्यावरही गप्प राहिली होती. घर असेच चालते. एकाने भिंत बांधायची आणि दुसऱ्याने तिला टेकून बसायचे.

"आणि एक गोष्ट मला फार आवडायची," समन्वयक बाई टॅबवर बोट सरकवत म्हणाल्या. रेघ ताणली गेली, तिच्यातून आठवड्यांचे दिवस झाले, दिवसांचे तास. "हे बघा. रोज पहाटे, उजाडायच्या आधी, गॅलरीचं दार उघडायचं. बराच वेळ उघडं असायचं. मी आमच्या केंद्रात सगळ्यांना दाखवलं होतं, की बघा, या वयात, खुब्याचं ऑपरेशन झालेलं असून हे आजोबा पहाटे उठून मोकळ्या हवेत उभे राहतात. ती सवय बंदच झाली."

"मी?" वडील म्हणाले. "गॅलरीत?"

"हो ना बाबा."

"मी कधी गेलो गॅलरीत? तो उंबरा केवढा आहे. मला तो ओलांडायला अजूनही जमत नाही."

मुलाने बाईंकडे पाहिले. बाईंनी टॅबकडे पाहिले. त्या दोन नजरांमध्ये काही न बोलता एक वाक्य पुरे झाले, आणि वडिलांनी ते वाचले. त्यांची मूठ काठीवर आवळली.

"बाबा," मुलगा जपून म्हणाला, "आठवत नसेल. होतं असं."

"आठवत नसेल," वडिलांनी त्याचे शब्द परत उच्चारले. बाजारातून आणलेली वस्तू माणूस घरी येऊन उलटीपालटी करून पाहतो तसे.

त्या निळ्या रेघेच्या टोकावर, उजाडायच्या आधीच्या त्या उंच शिखरावर, मुंगीने स्वतःला उभे पाहिले. अंगावर वडिलांचा जुना स्वेटर. हाताखाली गार कठडा. समोरच्या इमारतीत एखादीच खिडकी पेटलेली. ते सगळे आठवडे तिला झोप नव्हती. वडील दुखण्याच्या गोळीने मुकाट झोपत आणि ती या खोलीतून त्या खोलीत फिरत राही, पाणी पिई, कपाट आवरी, आवरलेले परत विस्कटून आवरी. आणि पहाट झाली की गॅलरीत जाऊन उभी राही. कोपऱ्यातल्या डब्या तिची ती तगमग टिपत होत्या आणि वडिलांच्या नावावर जमा करत होत्या. यंत्राने एका माणसाचे घर शिकायला घेतले आणि दोन माणसांचे शिकले. ज्याला ती बाई वडिलांची उमेद म्हणत होती, ती मुंगीची उडालेली झोप होती. ज्याला उतार म्हणत होती, तो मुंगी आपली खाट उचलून स्वतःच्या खोलीवर परत गेली, तो दिवस होता.

हे सांगायला एक वाक्य पुरे होते. ते तिच्या जिभेवर आलेही. आणि तिथेच थांबले.

झोप उडाली होती त्यालाही एक कारण होते. दूर, समुद्राकाठच्या एका शहरात, जुन्या ग्रंथालयाच्या तळघरात पुराचे पाणी शिरले होते. शतकांची पुस्तके फुगून, एकमेकांना चिकटून पडली होती. ती पानापानाने सोडवायला, वाळवायला, पुन्हा बांधायला माणसे हवी होती, आणि ग्रंथालयवाल्यांनी तिला बोलावले होते. आयुष्यभर तिने शाळांची हजेरीपुस्तके आणि दुकानांच्या वह्या बांधल्या; तिच्या हातांना हे काम कोणी कधी देईल असे तिला वाटले नव्हते. वडील उभे राहीपर्यंत थांबा, असे ती त्यांना म्हणाली होती. ते थांबले होते. परवा पुन्हा फोन आला होता, की आता फार थांबता येणार नाही, पुस्तकांना बुरशी धरते आहे. घरात यातले काही कोणाला माहीत नव्हते. वडील या घरात राहिले तर रोज संध्याकाळी चार गल्ल्या ओलांडून यायला तीच हवी होती. वडील वृद्धनिवासात गेले तर ती मोकळी होती, आणि तिला मोकळे करणारा निर्णय तिचा नव्हता. दादाचा होता, बाईंचा होता, त्या रेघेचा होता. तिला फक्त काही न करता बसायचे होते.

ती बसली. तोंडात गुळणी धरल्यासारखी.

"तिथली खोली चांगली आहे बाबा," मुलगा म्हणत होता. "मी पाहून आलोय. खिडकीतून बाग दिसते."

"बागेत काय, मला लावणार आहात?"

"तसं नाही हो."

"पाणी किती वेळा घालणार ते विचारून घे. मला फार लागतं." ते हसले नाहीत. समन्वयक बाई हसू का नको अशा बेतात ओठ दाबून राहिल्या.

"तुमच्या मनाविरुद्ध कोणी काही करणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही नाही म्हणालात तर आम्ही आणखी माणूस लावू, दुसरे उपाय बघू. पण हे आकडे पाहून मला तुम्हाला एकटं सोडवत नाही. खरं सांगते."

वडील बराच वेळ रेघेकडे पाहत राहिले. मुंगीला वाटले, आता ते टॅब दूर ढकलतील. म्हणतील, तुमची पाल खोटं चुकचुकते. तसे झाले असते तर बरे झाले असते. तिच्या वतीने ते बोलले असते.

"मी नोकरीभर वजनकाटे तपासले," ते म्हणाले. आवाज शांत होता, सरकारी होता. तिने लहानपणी बाजारात त्यांच्यामागून हिंडताना ऐकला होता तोच. "भल्याभल्या दुकानदारांचे. प्रत्येक जण हेच म्हणायचा: साहेब, माझा अंदाज चुकत नाही, तुमचाच काटा चुकतोय. त्यांना मी एकच सांगायचो. तुझा अंदाज घरी ठेव. काटा जे दाखवील ते मुकाट मानायचं, मग माल तुझा असो की माझ्या बापाचा." त्यांनी टॅबवर टिचकी मारली, अगदी हळू. "आता माझा माल काट्यावर आलाय म्हणून मी वेगळं बोलायचं, हे बरं दिसत नाही. करा तयारी."

मुलाने डोळे मिटून घेतले. समाधानाने की दुःखाने, ते कळले नाही. बहुधा त्यालाही कळले नसावे. मग तो उठला, वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला, तो हात तिथे काय करायचा हे न सुचून काढून घेतला. "बाईंना गाडीपर्यंत पोहोचवतो," तो म्हणाला. "येताना तुमच्या गोळ्या आणतो. मुंगे, काही हवंय?"

तिने नकारार्थी मान हलवली. टॅब घेऊन दोघे गेले. लिफ्टचा पाळणा कुरकुरत खाली उतरल्याचे ऐकू आले आणि घरात वडील आणि मुलगी उरले.

तिने कप उचलले. एक, मग दुसरा, जरुरीपेक्षा हलक्या हाताने. वडील जागचे हलले नव्हते.

"मुंगे."

"काय बाबा?"

"इकडे बस."

ती दादाच्या रिकाम्या खुर्चीत बसली. वडिलांनी चष्मा काढला होता. चष्म्याविना त्यांचे डोळे लहान आणि अनोळखी दिसत. घरमालक बाहेर गेल्यावर घर दिसते तसे.

"तू तेव्हा इथे होतीस. खरं सांग. मी पहाटे उठून गॅलरीत जायचो का?"

ती गप्प राहिली. त्यांनी त्या गप्पपणाचा वेगळाच अर्थ लावला.

"माझ्या जिवाला लागेल म्हणून लपवू नकोस. मला आठवतच नाही ग. आणि नुसतं तेवढंच नाही." ते शब्द शोधत होते, आणि शब्द सापडत नाही म्हणून दचकतही होते; आजपर्यंत त्यांना शब्द शोधताना कोणी दचकलेले पाहिले नव्हते. "मला वाटत होतं, मी सुधारतोय. परवा पाणी प्यायला आत गेलो, तर काठी इथेच राहिली होती. ओट्यापाशी गेल्यावर लक्षात आलं. एवढा आनंद झाला, म्हटलं, पायांना आता तिची आठवण होत नाही. कोणाला बोललो नाही, उगाच दृष्ट लागायची. आणि आता ही रेघ बघून वाटतं, ती काठी विसरलो ते सुधारणं नव्हतंच. ते नुसतं विसरणं होतं."

मुंगीने टेबलाची कड धरली.

"तिथे जायचं तर जाईन," वडील म्हणाले. "भिंती काय, इथल्या काय नि तिथल्या काय. पण माणसाला आतून वाटतं चढतोय आणि तो असतो उतरत, हे फार वाईट आहे ग. मग आतल्या कशावर विश्वास ठेवायचा? आता भूक लागली तरी मी तुम्हाला विचारणार का, लागलीय का खरंच?"

खाली रस्त्यावर कोणाची तरी गाडी सुरू होऊन थांबली. मुंगी आतापर्यंत मनात एक हिशोब मांडून बसली होती: वडिलांचे घर एका पारड्यात, आपले आयुष्य दुसऱ्यात. त्या हिशोबात निदान सचोटी होती असे ती स्वतःला समजावत होती. पण पारड्यात घर नव्हतेच. हा म्हातारा आपले मन उचलून त्यात ठेवत होता, आणि ती ते ठेवू देत होती.

"ती मी होते," ती म्हणाली.

"कोण?"

"गॅलरीत. पहाटे. ते सगळं फिरणं माझं होतं बाबा. मला झोप यायची नाही, तुम्ही गोळी घेऊन झोपलेले असायचात. त्या डब्यांना काय कळतंय कोण फिरतंय ते. तुम्ही त्यांना सांगितलंत एकटा राहतो, आणि मी गप्प बसले. त्यांनी दोघांना एक धरलं. मी माझ्या खोलीवर परत गेले, तेव्हा रेघ पडली. तुमचं काही कमी झालेलं नाही. तुम्ही सुधारताय."

वडिलांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. एक एक काडी, नीट, कानामागे. मग टॅब नसलेल्या टेबलाकडे पाहत त्यांनी बोटाने लाकडावर एक रेघ ओढली, वरून खाली, आणि ती जिथे खाली वळायची तिथे बोट थांबवले.

"जन्मभर," ते म्हणाले, "दुकानदारांची बोटं काट्यावरून उचलत आलो. लबाडांची उचलली, गरिबांची उचलली. पहिलं काम काय, तर रिकामी तागडी बघायची. ती खोटं बोलत असेल तर भरलेली खरं कशी बोलेल? आणि माझ्याच घरात…" त्यांच्या घशातून हसण्यासारखे काहीतरी निघाले. "तुझा हात होता होय काट्यावर. मी म्हणालो ना, एकटाच. मीच ठेवला म्हण तो."

"तुमचा नाही काही."

"माझाच. ऐटीत म्हणालो. नाक वर करून." ते खरोखरच थोडे सैल झाले होते, खांदे खाली आले होते, चेहऱ्यावर जरा रंग चढला होता. त्यांनी काठी बाजूला टेबलाला टेकवली. "म्हणजे डोकं ठिकाणावर आहे माझं."

"आहे."

"उंबरा मी ओलांडलेलाच नाही."

"नाही ओलांडलात."

"मग दादाला सांगायला पाहिजे होतं बघ! तो कसा तोंड करून बसला होता, म्हणे आठवत नसेल." ते हसले, आणि हसता हसता त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी मागे सरकले, ओहोटीचे पाणी सरकते तसे. "मुंगे. तुला हे कधी कळलं?"

ती उठून जाऊ शकली असती. कप होते, ओटा होता.

"मघाशी," ती म्हणाली. "त्या गॅलरीचं बोलल्या तेव्हा."

"तेव्हा म्हणजे मी हो म्हणायच्या आधी."

"आधी."

वडिलांनी पुढचा प्रश्न लगेच विचारला नाही. त्यांना तो विचारावा लागू नये म्हणून ती स्वतःच बोलू लागली; ग्रंथालयाचे, पुराचे, चिकटलेल्या पानांचे, ग्रंथालयवाले आपल्यासाठी थांबल्याचे. बोलताना तिच्या लक्षात आले की आपण ही गोष्ट प्रथमच मोठ्याने सांगत आहोत, आणि ती गुन्ह्याच्या कबुलीसारखी ऐकू येते आहे, जणू समुद्राकाठी जाऊन ओली पुस्तके वाळवणे ही एखादी चोरी असावी.

"चांगलं काम आहे," वडील म्हणाले.

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही म्हणाला असतात, जा. आणि मग मला जाता आलं नसतं."

त्यांनी मान डोलावली. हे त्यांना पटले असावे. या घरातली माणसे एकमेकांना अशीच ओळखत. तिने दादाला फोन लावला, कारण आता तो न लावणे हे तिला आणखी एक गप्प बसणे वाटले. दादा अजून खालीच होता. तिने स्पीकर लावला आणि सांगितले, एका दमात, काही न वगळता. फक्त ग्रंथालय वगळून.

"मग मघाशी काय झोपली होतीस?" दादा ओरडला. "एवढं सगळं ठरलं, बाबा हो म्हणाले, तेव्हा तुझं तोंड शिवलं होतं का? मी तिथे राहतो एवढ्या लांब, मला वाटतं तू दिवसा येतेस, संध्याकाळी जातेस. रात्रीही इथेच असायचीस हे मला कोण सांगणार?"

"माझ्यावर ओरड," वडील फोनच्या दिशेने म्हणाले. "मी सांगितलं होतं तुला तसं."

पलीकडे खळबळ झाली. मग समन्वयक बाईंचा आवाज आला, जवळून, आणि या वेळी तो मऊ करायला त्यांना सवड मिळाली नव्हती.

"अरे देवा. म्हणजे आम्ही… असू दे. माझीही चूक आहे, मी येऊन विचारायला हवं होतं. हे बघा, ती सगळी नोंद आता बाद. पहिल्यापासून शिकवावं लागेल. पण मग तेवढे आठवडे बाबा खरोखर एकटे हवेत. कोणी मुक्कामाला नको, कोणी मदतीला येऊन तासन्‌तास थांबायला नको. आमचा माणूस सकाळी एकदा येईल, त्याची वेळ यंत्राला ठाऊक असते, तेवढाच. आणि त्यातून जे निघेल ते खरं निघेल. कदाचित ते ठीक असतील. कदाचित आत्ताच्या रेघेपेक्षा वाईटही निघेल, कारण ताई रोज संध्याकाळी येतात त्याचाही वाटा यात आहेच. ते बाबांनी मानायला हवं. त्यांची तयारी आहे का, विचारता?"

मुंगीने फोन टेबलावर ठेवला, दोघांच्या मध्ये.

"तू कुठे असशील तेव्हा?" वडिलांनी विचारले. फोनला नव्हे.

"तुम्ही म्हणाल तिथे."

"ते नाही विचारलं मी."

तेवढे आठवडे तिने या घरात पाऊल टाकायचे नव्हते. तेवढ्या आठवड्यांत समुद्राकाठी जाता येत होते, आणि तिथून परत येता येईल की नाही हे तिला ठाऊक नव्हते. वडिलांना हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. तिला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते की आज त्यांना त्यांचे डोके परत मिळाले आहे, आणि त्याच डोक्याने आता ते एक गोष्ट कधी विसरणार नाहीत: की या टेबलाशी, ते घर सोडायला हो म्हणत असताना, ती ऐकत बसली होती.

"हॅलो?" फोनमधून दादा म्हणाला. "काय म्हणतायत बाबा?"

"बाबा," मुंगी म्हणाली. "बाई थांबल्यात. राहायचं ना तुम्हाला इथे? एकट्याने? सांगा, काय सांगू त्यांना?"

वडिलांनी तिच्याकडे पाहिले, रागाने नाही. कुठल्याशा अनोळखी दुकानात शिरून, तिथला काटा हाती घेण्याआधी ते क्षणभर जसे पाहत, तसे. मग दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रोवून ते उठले. ती सवयीने अर्धी उठली, त्यांना धरायला, आणि तशीच परत बसली. त्यांनी काठी घेतली, तिच्या खुर्चीला वळसा घातला, फोनमधल्या हाकेकडे लक्ष न देता सावकाश चालत आतल्या खोलीत गेले, आणि दार लोटून घेतले.